वडिलांची उंची

मंडळाच्या अंकाचे संपादक मला म्हणाले, "ताई, तुम्ही इतकी वर्षं रग्बीवाल्यांत काढलीत. आपल्या मुलांसाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा ना. टॅलेंट, मेहनत, यश, असं." मी हो म्हटलं, कारण निवृत्त माणसाला नाही म्हणायला सबब सापडत नाही. पण आधीच सांगते, प्रेरणा माझ्याकडे शिल्लक नाही. आमच्या क्लबात ती भिंतीभिंतीवर रंगवलेली असायची, एकेक अक्षर हातभर उंच, आणि तिच्याखाली अठरा वर्षांची पोरं गुडघ्याला बर्फ बांधून बसलेली असायची. जी काय होती ती तिथेच संपली.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची वसईकडची. सिडनीतल्या एका रग्बी लीग क्लबात एकोणीस वर्षं ज्युनिअर मुलांचे सांधे सांभाळले. क्लबाचं नाव सांगत नाही. सिडनीत असे क्लब बरेच आहेत, ज्याला जो आवडत नसेल त्याने तो धरून चालावं. आता कॅनबेराला गुंगालिनमध्ये लेकीजवळ राहते, थंडीला शिव्या देते आणि नातवाचे गुडघे विनामूल्य तपासते.

रग्बी लीग म्हणजे काय, हे आपले लोक मला अजून विचारतात आणि उत्तर अर्धं झालं की क्रिकेटवर येतात. थोडक्यात सांगते. एका बाजूला तेरा जण, दुसऱ्या बाजूला तेरा. बॉल हातात घेऊन पुढे पळायचं, पण पास मात्र मागेच द्यायचा. समोरचे तुम्हाला आडवं पाडतात. तुम्ही उठता, पुन्हा पळता. सहा वेळा आडवे झालात की बॉल त्यांच्याकडे जातो आणि मग तुम्ही त्यांना पाडता. असं ऐंशी मिनिटं चालतं, आणि नंतर सगळे माझ्याकडे येतात.

यात करिअर करायचं तर वयाच्या पायऱ्या असतात. सोळाखालचे, मग एकोणीसखालचे, मग एकवीसखालचे, आणि सगळ्यात वर तो संघ, ज्याचे सामने टीव्हीवर दाखवतात. खालच्या पायरीवर जत्रा भरलेली असते. वरच्या पायरीवर पोचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि ती बोटंही या धंद्यात धड राहत नाहीत. खालच्या पायरीवरच्या प्रत्येकाला मात्र एक पदवी मिळालेली असते, 'प्रॉमिसिंग'. ती द्यायचं काम ग्रेगकडे होतं.

ग्रेग आमचा रिक्रूटमेंट मॅनेजर, म्हणजे मुलं निवडणारा. शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला कॉफी घेऊन उभा राहायचा आणि एखादा पोरगा चार जणांना लोळवून पुढे गेला की म्हणायचा, "फ्रीक आहे हा, मेट. टोटल फ्रीक." ही त्याच्याकडची सर्वोच्च शाबासकी. मी तिथे होते तोवर दर वर्षी आठ-दहा फ्रीक सापडत. दोन वर्षांनी त्यांतला एकही नजरेस पडत नसे, पण ग्रेगचा उत्साह कधी कमी झाला नाही. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

फ्रीक का दिसेनासे होत, यात गूढ काही नव्हतं. पंधरा वर्षांची दोन मुलं घ्या. एकाला दाढी आलीय, मांड्या भरल्यात. दुसऱ्याचा आवाज अजून चर्चच्या कॉयरमध्ये चालेल असा. पहिला दुसऱ्याला तुडवत जातो आणि लोक त्याला टॅलेंट म्हणतात. तीन वर्षांनी दुसराही वाढतो, कधी पहिल्याच्या वर जातो, आणि पहिल्याला कळतं की आपल्याकडे फक्त लवकर आलेली दाढी होती. तोवर त्याची शाळा सुटलेली असते.

हे मी मीटिंगमध्ये चार-पाच वर्षं बोलत होते. मग कुणा तरुण कोचने तेच एका सेमिनारमध्ये ऐकलं आणि ते विज्ञान झालं. क्लबाने ठरवलं, आता शास्त्रशुद्ध मोजायचं. मुलाची उभी उंची, बसलेली उंची, वजन, आणि आईवडिलांची उंची. हे सगळं एका सूत्रात घातलं की मुलगा शेवटी किती उंच होणार याचा आकडा येतो. मोजायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, मी खूश झाले. इतकी वर्षं मला आइसपॅकवाली बाई समजणारे लोक आता माझ्या आकड्याची वाट बघू लागले.

मी त्यात स्वतःचा एक नियमही घातला. आईवडिलांच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही. जगातला प्रत्येक बाप स्वतःच्या उंचीत दोन इंच घालून सांगतो, देश कोणताही असो. म्हणून माझ्या खोलीतल्या भिंतीला टेप चिकटवली होती. शूज काढा, टाचा भिंतीला, नजर समोर, आणि डोक्यावर काटकोनी लाकडी ठोकळा. एक बाप काउबॉय बूट घालून आला आणि पाठीचं ऑपरेशन झाल्यामुळे ते काढता येत नाहीत म्हणाला. मी खाली बसून काढून दिले. एक आई म्हणाली, माझी उंची माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, तुम्हाला कशाला सांगू?

आणि एकदा आपलेच एक पुण्याचे गृहस्थ आले, आयटीतले. मुलाच्या आग्रहाने ट्रायलला आले होते. मराठी कळल्यावर खुर्ची ओढून बसले. "मॅडम, यात सक्सेस रेट काय आहे? आणि फाउंडेशन बॅच वगैरे असते का? म्हणजे आठवीपासून लावलं असतं तर?" मुलगा बाजूला तोंड लपवून म्हणत होता, "डॅड, स्टॉप. प्लीज." मी त्यांना सांगितलं, सक्सेस रेट विचारायचा असेल तर याला इंजिनिअरिंगला घाला. त्यांना उत्तर फार आवडलं. मुलाला नाही आवडलं.

आता सेमिसीचं सांगते. हा लेख त्याचा आहे, बाकी सगळं मी उगाच रेंगाळत होते.

सेमिसी टोंगन घरातला, म्हणजे मूळचा पॅसिफिक बेटांवरचा, पंधरा वर्षांचा, पाच फूट सात इंच. तो हाफबॅक खेळायचा. हाफबॅक म्हणजे संघातला सहसा सगळ्यात लहान माणूस, ज्याला बाकीचे बारा जण कुठे पळवायचे हे ठरवावं लागतं. हे शिकवून येत नाही. सेमिसी पास द्यायचा तेव्हा तिथे कुणीच नसायचं, आणि बॉल पोचेपर्यंत कुणीतरी आलेलं असायचं. मी खेळाडूंचे खेळ बघत नाही, त्यांचं चालणं बघते. पण याचा खेळ बघायला मी शनिवारी घरचं काम टाकून जायचे. बाजारातही हाक मारायचा, "आंटी!" आमच्याकडची सगळी बेटांवरची मुलं मला आंटीच म्हणत.

त्याला निवडलं त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची आई आली होती आणि सायमोने. सायमोने दारातून आत आला ते मान वाकवून. सहा फूट पाच इंच, मी स्वतः स्टुलावर चढून ठोकळा ठेवला. बांधकामावर परांच्या चढवण्याचं काम करायचा. बोलायचा कमी. प्रत्येक प्रॅक्टिसला, प्रत्येक सामन्याला तोच मुलाला घेऊन यायचा, तोच डबा धरून उभा असायचा. मी फॉर्मवर लिहिलं, वडील: एकशे शहाण्णव सेंटिमीटर. त्याखाली प्रकृतीचा रकाना होता, तिथे लिहिलं, उत्तम. समोरच उभे होते, विचारायचं काय?

आकडा आला सहा फूट दोन इंच. ग्रेगने कागद दोनदा वाचला.

"सिक्स टू? हे हात, ही नजर, आणि सिक्स टू? त्याला हाफबॅक कशाला ठेवायचा, मेट? फॉरवर्ड करू. फ्रीक होईल."

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या फळीतले धडका मारणारे आणि खाणारे. मी म्हणू शकले असते की त्याचं डोकं जिथे चालतं तिथेच त्याला राहू द्या. उलट मी रिपोर्टवर लिहिलं, 'दोन वर्षं धीर धरावा, उंची येईल.' माझी सही आहे त्यावर, झोकदार.

मग त्या मुलाला वाढवायला घेतलं. दिवसातून सहा वेळा खाणं, वजनं उचलणं, भिंतीसारख्या माणसांवर आपटण्याचा सराव. त्याला इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप मिळत होती, ती क्लबाने सोडायला लावली, लक्ष विचलित होतं म्हणून. पास देण्याचा सराव बंद झाला, कारण फॉरवर्डला त्याची गरज नसते. मी दर महिन्याला त्याला भिंतीला उभं करायचे. पाच आठ. पाच साडेआठ. पाच नऊ. मग काही नाही. पुढच्या महिन्यातही काही नाही. मी ठोकळा थोडा हलकाच टेकवायला लागले, म्हणजे केसांचे दोन-तीन मिलिमीटर पदरात पडतील. सेमिसी विचारायचा, "आंटी, आलं का काही?" मी म्हणायचे, "येईल, काही मुलं उशिरा वाढतात." आणि ते खरंही असतं, काही मुलांच्या बाबतीत.

एकोणिसाव्या वर्षी त्याचा खांदा निखळला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खांदा. त्याच्यापेक्षा वीस किलो जड पोरं अंगावर घ्यायला आम्हीच त्याला उभं केलं होतं. ऑपरेशन ठरलं. भूल देण्याआधीचा फॉर्म मी भरत होते, त्यात एक प्रश्न असतो, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास?

सेमिसी म्हणाला, "हो. डॅड. चौतिसाव्या वर्षी गेला."

मी पेन खाली ठेवलं. "सायमोने बाहेर बाकावर बसलाय, मघाशी मला हॅलो म्हणाला."

"तो हा डॅड. मी म्हणतोय तो पहिला डॅड. टोंगात वारला, मी चार वर्षांचा होतो. सायमोने माझ्या मावशीचा नवरा. आमच्यात मावशी म्हणजे आईच, आंटी. तिचा नवरा म्हणजे डॅडच की."

मी विचारलं, पहिल्या डॅडची उंची किती होती?

"माहीत नाही. लग्नाच्या फोटोत माझी आई उंच दिसते त्याच्यापेक्षा."

तुम्ही म्हणाल, हे बाईला कसं कळलं नाही? मलाही तेच कळत नाही. बेटांवरच्या पन्नास पोरांची आंटी म्हणून मी मिरवत होते, त्यांतल्या एकाची तरी मी खरी आत्या-मावशी होते का? आणि लांबचं कशाला, मी स्वतः सातवीपासून मावशीकडे राहून शिकले. माझ्या प्रगतिपुस्तकावर चार वर्षं मावशीच्या यजमानांची सही आहे. नव्या शाळेत एकटी जायला घाबरणाऱ्या मुलीला रोज फाटकापर्यंत त्यांनी सोडलं. शाळेत कुणी त्यांना भिंतीला उभं केलं असतं, तर तेही शूज काढून निमूट उभे राहिले असते. हे सगळं माहीत असलेल्या बाईने एक साधा प्रश्न विचारला नाही, कारण तिच्याकडे टेप होती. ऑस्ट्रेलियन माणसाकडून ही चूक झाली असती तर मी त्याला सोलून काढलं असतं.

मी ग्रेगकडे गेले. सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे आपलं सूत्र बरोबरच होतं! माहिती चुकीची होती, एवढंच. ग्रेट. मी काळजीत होतो."

"ग्रेग, त्या मुलाची पाच वर्षं गेली."

"तसंही त्याला या सीझननंतर सोडायचंच आहे, मेट. आणि हे कुणालाही सांगू नकोस. उगाच वाईट वाटेल त्याला."

एकोणीस वर्षांत क्लबाने मला दाखवलेली ही पहिली माया.

सोडायची आमची एक पद्धत होती. सीझन संपल्यावर मुलाला घरच्यांसह बोलवायचं, दहा मिनिटं. हात मिळवायचा, 'तू या क्लबाचा कायमचा भाग आहेस' म्हणायचं, आणि गेटचं कार्ड परत घ्यायचं. सेमिसी आणि सायमोने त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. ग्रेगने नको सांगितलं होतं म्हणूनही असेल. मी भिंतीकडे पाठ करून सगळं सांगितलं. आकडा कसा काढला, कुणाची उंची घातली, त्यावरून त्याची जागा कशी बदलली. मी म्हटलं, माझी चूक झाली.

सेमिसी खांद्याचा पट्टा चाचपत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आंटी." रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

सायमोनेला समजायला वेळ लागला. तो टेपकडे बघत होता. एकेक शब्द सुटा करून त्याने विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी मी आत आलोच नसतो, बाहेर गाडीत बसून राहिलो असतो, तर हा अजून हाफबॅक असता?"

माझ्याकडे प्रत्येक बापासाठी आकडा असायचा. त्या दिवशी मी म्हटलं, "हे कुणालाच सांगता येणार नाही." शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर आहे. 'नाही, तुमचा यात काही संबंध नाही' हे वाक्य त्याला हवं होतं आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण मला तेव्हा खोटं बोलायचं नव्हतं. खोटं न बोलण्याचा मुहूर्त मी असा काढला. त्याने मान हलवली, मुलाची बॅग उचलली आणि दोघं गेले. पुढच्या वर्षी मी निवृत्ती घेतली. माझ्या निरोपसमारंभात ग्रेगने भाषण केलं, माझ्यामुळे क्लबात विज्ञान आलं म्हणाला.

या हिवाळ्यात लेक म्हणाली, आई, सेमिसीचा फोटो बघ कुणीतरी टाकलाय. गुंगालिनपासून दीड तासावर हायवेलगत एक छोटं गाव आहे, तिथल्या संघात तो खेळतो. जवळच्या सोलर फार्मवर इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करतोय, सगळ्यांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. आणि खेळतो हाफबॅक. मी शनिवारी गाडी काढली.

अशा गावांत मैदानाला स्टँड नसतो. लोक गाड्या कुंपणाला लावून बॉनेटवर नाहीतर घडीच्या खुर्च्यांवर बसतात, आणि आपल्या संघाने ट्राय केला, म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवला, की हॉर्न वाजवतात. सेमिसी चांगला खेळत होता. फार चांगला की नुसता चांगला, हे मी ठरवू शकले नाही. एक-दोन पास जुने होते, तिथे कुणीच नसताना दिलेले. या संघात तिथे कुणी पोचतही नव्हतं. पाच वर्षं तो जागेवर राहिला असता तर काय झालं असतं, ते आता मोजायला काही उरलेलं नाही.

कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, सायमोनेची व्हॅन दिसली. तो आत बसला होता, काचा वर. सिडनीहून तीन तास गाडी हाकून तो दर शनिवारी येतो, हे मला नंतर कळलं. मी काच वाजवली आणि आत त्याच्या बाजूला जाऊन बसले. त्याच्या मांडीवर डबा होता, त्याने तो माझ्यापुढे केला. समोर दिव्याचा खांब होता, अर्धं मैदान दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "इथून काही दिसत नाही. बाहेर चला, कुंपणाशी."

"बरं आहे इथे, सिस्टर."

मग मी ते बोलले, जे तेव्हाच बोलायला हवं होतं. मोठ्याने बोलले, हातवारे करून. तुमचा यात काहीच दोष नाही. तुम्ही आलात, तुम्हीच रोज येत होतात, आणि मी न विचारता लिहिलं. चूक सगळी माझी आहे, तुमच्या उंचीची नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. माझ्या हातावर हात ठेवला, समजूत घालतात तसा.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण मी गाडीत बसायला लागल्यापासून तो चांगला खेळतोय. आता कशाला उगाच?"

सामना संपेपर्यंत मी त्याच्याजवळ बसून राहिले. शेवटच्या पाच मिनिटांत खांबाच्या मागे कुठेतरी सेमिसीने ट्राय केला. आम्हाला दोघांनाही तो दिसला नाही, लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. सायमोनेने दोन्ही तळहात हॉर्नवर दाबून धरले, कितीतरी वेळ, आणि खाली उतरला नाही.